मेश्राम मॅडम आणि दुसऱ्याचं रक्त

मेश्राम मॅडम पहिल्यांदा आमच्या सिहोऱ्याच्या घरी आल्या, तेव्हा हातात बर्फाची पेटी होती आणि दारातूनच प्रश्न आला, "तुमच्या आजाचाही हात कापे का जी?" नागपूरच्या एवढ्या मोठ्या डॉक्टरीणबाई, बोलणं मात्र आमच्याकडचं, साकोलीचं. मला तिथंच संशय आला. धानाच्या व्यापारात केस पांढरे केलेला माणूस मी. गोड बोलणाऱ्याचा हात आधी पाहतो.

कंपवात काही घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या का उतरतो, हे त्या बाप-लेकांचं रक्त ताडून शोधत होत्या. बाबांचा हात सतत थरथरायचा. मॅडम स्वतः कप धरून त्यांना चहा पाजत आणि म्हणत, "इथं मी शिकाले येते, बाबाजी." बाबांनी आनंदानं रक्त दिलं.

मग माझी पाळी आली. मुलीची सोयरीक मोहाडीला ठरत होती. 'घराण्याचा आजार' असा कागद तिकडे पोचला तर संपलंच! मी दुसऱ्या दिवसावर ढकललं. त्या दिवशी मॅडमऐवजी नवी नर्स आली. मी शेजारच्या गुलाबला माझ्या नावानं खुर्चीत बसवलं. आपल्या हुशारीवर मी खूश होतो.

काही महिन्यांनी मॅडम एकट्याच आल्या. बाबा झोपलेत याची खात्री करून हळू आवाजात म्हणाल्या, "भाऊ, ते रक्त बाबाजीच्या पोराचं नाही."

याचा दुसरा अर्थ काय होतो, ते मला तेव्हा कळलं. माझी आई जाऊन दहा वर्षं झाली होती.

"मी तुमच्या मायवर शंका नाही घेतली," त्या म्हणाल्या. "तुमच्यावर घेतली."

मी सगळं कबूल केलं. "पोरीची सोयरीक मोडन ना जी."

"मंग तसं सांगाचं ना! नावं मी कोणालेच दाखवत नाही. अन् घराण्यात आहे म्हणून पोरीले होतेच, असंही नाही." गुलाबचं रक्त त्यांनी बाद केलं. मला मात्र एका शब्दानं टोचलं नाही, याचीच लाज जास्त वाटली.

मुलीचं लग्न झालं. नंतर बाबा गेले. तेरवी आटोपून मी न बोलावता नागपूरला गेलो आणि मॅडमसमोर बाही वर केली.

"बाबाजीचं रक्त ठेवून आहे अजून," त्या म्हणाल्या. "तुमचीच वाट पाहून राहिली होती."