दोन चौकोनी कंसांसाठी मंगळवेढ्यापर्यंत

आदरणीय गुरुनाथ बिराजदार सरांच्या पंचाहत्तरीच्या या ग्रंथासाठी लेख मागताना संपादक मंडळाने मला एक सूचनाही केली होती: "तक्रारींचा पाढा नको." मी प्रयत्न करणार आहे. पण गेली पाच वर्षे मी सरांच्या शेजारी बसून वाचनालयाच्या कोशाचे काम करते आहे, आणि ज्यांनी सरांबरोबर एखादा आठवडा जरी काम केले असेल त्यांना माहीत आहे की तक्रारी गाळून सरांविषयी लिहायचे म्हटले तर पान भरणार नाही.

सरांची ओळख झाली तीच एका चुकीमुळे. बी.ए. झाल्यावर मी स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासासाठी वाचनालयात येऊ लागले. वडील सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत यंत्रमागावर कामाला, आई टॉवेल घरी आणून त्यांच्या कडा शिवते. घरात पदवी घेतलेली मी पहिली, आणि दोन खोल्यांत शिलाई मशीन चालू असताना अभ्यास होत नाही. वाचनालयाच्या कोपऱ्यातल्या संगणकावर पांढरा सदरा घातलेले एक गृहस्थ एका बोटाने काहीतरी टंकत असत आणि मधेच "अय्यय्यो" म्हणत. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला हाक मारली.

"बाळ, तुला मराठी टाइप करता येतं ना? मग हे बघ की जरा. मी याला कंस देतोय आणि हा मला ड देतोय."

पडद्यावर 'डडपेव' असे लिहिलेले होते आणि शब्दाच्या शेवटी दोन टिंबे लोंबत होती.

ज्यांनी आपला 'हातकाम कोश' उघडून पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. तंत्रशाळेतून निवृत्त झाल्यावर सर जिल्हाभर फिरून हातांच्या कामांची माहिती वह्यांत उतरवत होते: घोंगडी कशी विणतात, कडब्याची गंजी कशी रचतात, पेव कसे उघडतात. या वह्या विकीच्या पद्धतीने संगणकावर चढवायच्या असे वाचनालयाने ठरवले. विकीत एका पानावरून दुसऱ्या पानावर जाण्यासाठी दुवा द्यावा लागतो, आणि तो देणे अगदी सोपे आहे. शब्दाच्या आधी दोन चौकोनी कंस, शब्दानंतर दोन चौकोनी कंस, झाले. ते पान असेल तर शब्द निळा होतो, नसेल तर लाल. अडचण एवढीच की सरांच्या मराठी कळफलकावर उघडत्या कंसाच्या कळीवर ड आणि मिटत्या कंसाच्या कळीवर नुक्त्याचे टिंब बसलेले आहे. म्हणजे इंग्रजीत जायचे, कंस द्यायचे, मराठीत यायचे, शब्द लिहायचे, पुन्हा इंग्रजीत जायचे. सरांना हे कोणी सांगितले नव्हते. त्यांनी आठ महिने डड लिहून काढले होते. यंत्र नवीन आहे, हळूहळू शिकेल, अशी त्यांची समजूत होती.

मी त्या दिवशी संध्याकाळपर्यंत बसून डड शोधून कंस घातले. अभ्यास राहिला. तो त्या दिवसापासून राहिलेलाच आहे. पुढच्या वर्षी परीक्षा गेली, त्याचा दोष मी सरांना देत नाही, आई देते.

सरांच्या कामाची शिस्त सगळ्यांनी वाखाणली आहे. ती कशी असते हे मात्र शेजारी बसल्याशिवाय कळत नाही. कडब्याच्या गंजीवर मी एक पान लिहिले आणि मला ते फार आवडले होते. सरांनी सावकाश वाचले. "छान आहे. पण इथं येणार कोण, आणि कुठून?" ज्या पानाकडे दुसऱ्या एकाही पानावरून वाट येत नाही ते पान सरांच्या मते लिहिलेलेच नाही. मग 'ज्वारीची काढणी', 'बैलगाडी', 'दोर वळणे' अशी पाने एकेक उघडून, त्यांत गंजीचा उल्लेख कुठे शोभेल ते ठरवून दुवे द्यायचे. एका पानाला चार दिवस. आणि शेवटी सर स्वतः प्रत्येक दुव्यावर बोट दाबून पाहणार, जणू मी दार लावले की नाही याची खात्री करत आहेत.

दुसरा नियम याहून कठीण. माणसाचे पान करायचे तर ते आधी कागदावर छापायचे, त्या माणसासमोर बसून मोठ्याने वाचायचे, आणि तो माणूस 'हो' म्हणाला तरच कोशात चढवायचे. तोपर्यंत त्याचे नाव कंसांत, लाल. मी कितीदा म्हटले, सर, फोनवर वाचून दाखवू. सरांचे उत्तर ठरलेले: "फोनवर माणूस हो हो म्हणतो. समोर बसला की न्हाय म्हणतो. आपल्याला त्याचं न्हाय पाहिजे."

हा नियम माझ्या घरीही आला. टॉवेलच्या शिलाईचे पान मी आईकडे बघूनच लिहिले होते. जन्मापासून बघते आहे, त्यात विचारायचे काय? तरी सर आमच्या घरी आले, मशीनजवळच्या टॉवेलांच्या गठ्ठ्यावर बसले आणि सगळे पान वाचले. आई पदराने तोंड झाकून ऐकत होती. मधेच म्हणाली, "न्हाय ओ सर. आदी कोपरा दुमडायचा, मग काट. पोरीनं उलटं लिवलंय."

"उलटं लिहिलंय का? मग बरं झालं आलो," सर म्हणाले, आणि त्यांनी कागदावर तिथेच खोडून दुरुस्ती केली. मग आईला विचारले, "नाव काय दाखवायचं तुमचं?" कागदावर आईचे पूर्ण नाव होते. आई म्हणाली, त्या नावानं मला कोण वळखतंय? गल्लीत सगळे शिलाईवाल्या काकू म्हणतात. विकीत यासाठी एक उभी रेघ असते. रेघेच्या डावीकडे पानाचे नाव, उजवीकडे वाचणाऱ्याला दिसेल ते नाव. सर ही रेघ न चुकता घालायला लावतात. सात इयत्ता शिकलेल्या माझ्या आईने शिकल्यासवरल्या माणसाची चूक काढावी आणि त्याने मान डोलवावी, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. चूक माझी होती, ही गोष्ट वेगळी.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला ते सांगते.

गेल्या वर्षी वार्षिक सभेत कोश पडद्यावर दाखवायचे ठरले. तालमीच्या वेळी एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले, "हे सगळीकडे लाल लाल काय? नापास झालेला पेपर दिसतोय." मला फार लाज वाटली. सर तेव्हा अक्कलकोटला एका लग्नाला गेले होते. मी दोन दिवस बसून लाल नावांचे कंस काढून टाकले. नावे राहिली, फक्त साधी, काळी. पडदा स्वच्छ दिसला. सभेत टाळ्या पडल्या.

सर परत आले आणि रोजच्याप्रमाणे त्यांनी आधी 'हवी असलेली पाने' ही यादी उघडली. जिथे जिथे लाल दुवा आहे ती नावे विकी आपोआप या यादीत गोळा करतो. यादी रिकामी होती. सरांनी चष्मा पुसला. पुन्हा उघडली.

"यंत्र बिघडलं का गं?"

"नाही सर. मी काढले. वाईट दिसत होतं."

"कुणाला?"

"सभेला."

"बरं. सभा झाली का?"

"झाली."

"मग आता परत लावू."

पुढे कोणाकडे जायचे हे सर त्या यादीवरून ठरवत होते, हे मला तेव्हा कळले. मी म्हटले, सर, प्रत्येक पानाचा इतिहास जपलेला असतो. 'उलटवा' म्हटले की सगळे पूर्वीसारखे होईल. सर म्हणाले, "असू दे की. एकेक नाव वाचून लावू." नऊ दिवस लागले. इंग्रजी, कंस, मराठी, नाव, इंग्रजी, कंस. आणि प्रत्येक नावाला सर विचारणार, "हे कुठं असतात आता? फोन लाव बरं." मी रोज मनात राजीनामा लिहीत होते.

सहाव्या दिवशी 'पेव' हे पान आले. मंगळवेढ्याकडे ज्वारी साठवण्यासाठी जमिनीत खोल कोठार खणत, ते पेव. बंद पेवात हवा कोंडून विषारी होते आणि घाईने उतरलेला माणूस आत मरू शकतो. त्या भागातली पेवे उघडण्याचे काम [[ज्ञानू मासाळ|ज्ञानूतात्या]] करीत, असे त्या पानावर होते. मी फोन लावला. त्यांच्या सूनबाईंनी उचलला. "मामास्नी झटका येऊन सा म्हैने झाले. बोलत न्हाईत आता."

फोन ठेवला आणि माझा संयम सुटला. सरांपुढे मी आवाज चढवला, हे इथे कबूल करते.

"चार वर्षं हा दुवा लाल आहे, सर. तुमच्या वहीत सगळं लिहिलेलं होतं. तेव्हाच पान करून टाकलं असतं तर?"

"तर काय?"

"तर पान तरी असतं! आता ते हो कसं म्हणणार? तुमच्या नियमानं ते कायमचे लालच राहणार."

सरांनी संगणक बंद केला. मग म्हणाले, "तुझं बरोबर आहे. उद्या पहिल्या गाडीनं जाऊ."

चुकलो म्हणून गप्प बसणे सरांना जमत नाही. तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांचे, दोन्ही गुडघे दुखणारे सर दुसऱ्या दिवशी एस.टी.त माझ्या आधी चढून जागा धरून बसले होते. मंगळवेढ्याला गाडी बदलून पुढच्या गावात पोचलो. ज्ञानूतात्या अंगणात लिंबाखाली बाजेवर होते. उजवी बाजू गेलेली. सूनबाई त्यांच्या कानाशी वाकून म्हणाल्या, "मामा, सोलापूरचं सर आल्यात."

सर बाजेच्या कडेला टेकले आणि वाचू लागले. तात्या कुठल्या गावचे, कोणाकडून काम शिकले, सगळे. तात्यांचे डोळे मिटलेले. मग सरांनी वाचले, "पेवाचं तोंड उघडून दिवसभर तसंच ठेवावं. मग दोरीनं पेटता कंदील खाली सोडावा. कंदील विझला नाही की माणसानं उतरावं."

तात्यांचा डावा हात बाजेच्या लाकडावर आपटला. एकदा, पुन्हा एकदा.

"पाणी पायजे का, मामा?" सूनबाई उठल्या.

तात्यांनी मूठ वळली आणि हात वरखाली, वरखाली करू लागले. सरांनी तेच वाक्य पुन्हा वाचले. हात पुन्हा आपटला, पुन्हा मूठ वरखाली. सूनबाई बघत उभ्या राहिल्या. "दोरी वडत्यात जनू." आणि एकदम, "आवं, डहाळा! लिंबाचा मोठा डहाळा दोरीला बांदून आत सोडायचे न् वर-खाली, वर-खाली करायचे. आतली वंगाळ हवा भाईर याला. मी नवी नवरी हुते तवा बगितलंय की!"

"आधी डहाळा, मग कंदील?" सरांनी विचारले. तात्यांची मूठ उघडली. हात शांत बाजेवर टेकला.

कंदिलाचे ते वाक्य सरांना गावातल्या दुसऱ्या कोणीतरी सांगितले होते. चार वर्षांपूर्वी माझ्या घाईप्रमाणे पान झाले असते तर ते तसेच छापले गेले असते, आणि आमच्यावर विश्वास ठेवून कोणी नुसत्या कंदिलाच्या भरवशावर उतरले असते. पण चार वर्षांपूर्वी आम्ही गेलो असतो तर तात्यांनी हे स्वतःच्या तोंडाने सांगितले असते. डहाळा किती वेळ हलवायचा, हेही सांगितले असते. ते आता कोणालाच कळणार नाही. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि म्हणूनच सरांशी माझे भांडण अजून मिटलेले नाही.

"पान करू का, तात्या?" सरांनी शेवटी विचारले. बोटे लाकडावर हलकेच वाजली. सर गोंधळले. "हे हो म्हणायचं की न्हाय?"

"न्हाय म्हनायचं आस्तं तर मामांनी पाठ फिरवली आस्ती," सूनबाई हसल्या. "सोयऱ्यांकडंबी फिरवत्यात."

सर उठत म्हणाले, "चला. उद्या वाचनालयात नीट तपासून चढवू."

"नाही सर," मी म्हटले. "आत्ता." तिथेच लिंबाखाली बसून मी मोबाइलवर दुरुस्तीसकट पान चढवले. सर माझ्या खांद्यावरून पाहत होते. सहा महिने नाही, चार वर्षे नाही, दहा मिनिटे लागली. 'पेव' या पानावर ज्ञानूतात्या निळे झाले. सूनबाईंनी ते मोठ्याने वाचून दाखवले. सरांनी मोबाइल घेतला आणि प्रत्येक दुव्यावर बोट दाबून पाहिले.

यादीत आज दोनशेहून जास्त लाल नावे आहेत. चांगला महिना असेल तर सर तीन माणसांना भेटतात. त्या वेगाने यादी काही वर्षांत संपली असती. पण सर एक नाव निळे करायला जातात आणि तिथल्या गप्पांतून दोन नवी लाल नावे घेऊन येतात. ज्ञानूतात्यांच्या अंगणातूनही त्यांनी एक दोर वळणारे आणि एक विहीर खणणारे आणले. ही यादी संपेल, ही आशा मी सोडली आहे.

म्हणून दीर्घायुष्याची शुभेच्छा इतरांनी दिली असेल, माझ्याकडून ती मागणी समजावी. सरांनी गुडघ्यांची औषधे वेळेवर घ्यावीत, जिने चढू नयेत, आणि माणसे थांबत नाहीत हे लक्षात ठेवून थोडी घाई करावी. त्यांना निरोगी शंभर वर्षे लाभोत. ती पुरणार नाहीत हे मला आत्ताच दिसते आहे, पण त्याचे पुढे बघू.