बुटातले पाय आणि आत्यांची वाटी

ड्युटी संपली की मी सगळ्यात आधी बुटाच्या नाड्या सैल करते. बूट काढत मात्र नाही. एकदा काढला की पाय असा फुगतो की परत आत जायचं नाव घेत नाही, आणि घरापर्यंत अनवाणी चालत जाण्याइतकी येडी मी अजून झालेले नाही. टॉवेलच्या एका कारखान्याच्या गेटवर मी सिक्युरिटीचं काम करते. बारा तास उभं राहायचं, गाड्या तपासायच्या, सुटताना बायकांच्या पिशव्या बघायच्या. सोलापूरचं ऊन डोक्यापेक्षा तळपायाला जास्त लागतं, हे सावलीत बसणाऱ्याला सांगून पटत नाही. गेटवर खुर्ची आहे, पण साहेब येणार नसतील तेव्हाच ती बसायची असते.

बूट ठेकेदार देतो. बायकांच्या मापाचे बूट असतात हे त्या माणसाच्या गावीही नाही. सगळ्यात लहान जोड मागितला तर तोही इतका ढगळ, की पाय पुढे आणि बूट मागे. पहिल्याच आठवड्यात टाचांना फोड आले, ते फुटले, त्यावर परत फोड आले. नवरा ट्रकवर असतो, त्याचं घरी येणं पाहुण्यासारखं. त्यामुळे घरात आम्ही दोघीच, मी आणि माझ्या सासूबाई. त्यांना मी आत्या म्हणते.

आत्यांचं आयुष्य माढ्याच्या रानात अनवाणी गेलेलं. बूट त्यांनी कधी हातातसुद्धा धरला नव्हता. पण माझ्या बुटांच्या त्या अशा मागे लागल्या, की जणू ते माझ्या वाईटावर उठलेत. कारखान्यात टॉवेलच्या कडांची कातरण निघते, ती मी मागून आणायची. आत्या बुटाच्या आकाराचे तुकडे कापून, एकावर एक ठेवून, आतले तळ शिवायच्या. एक जोड बुटात, एक दोरीवर वाळत. नवी पेठेत मोजे घ्यायला गेलो तर दुकानदार चकचकीत नायलॉनचे दाखवायला लागला. आत्या त्याला म्हणाल्या, "पाय भाजून घ्यायचं हायत व्हय आमाला? सुती दाव की." घरी आल्यावर बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे, म्हणजे घाम शोषला जातो. जेवणाच्या सुट्टीत नाड्या एकदा सोडून परत ढिल्या बांधायच्या, कारण दुपारपर्यंत पाय सुजलेला असतो. माझ्या पोटऱ्यांवर उठलेले मोज्यांचे वळ बघून हे त्यांनीच काढलं.

पण हे सगळं एकीकडे आणि वाटी एकीकडे.

वाटी काशाची, वेळापूरहून, आत्यांच्या माहेरून आलेली. घासून घासून बूड गुळगुळीत झालेलं. तळपायाची आग व्हायला लागली की तेल लावून काशाच्या वाटीनं पाय घासायचे, हे आमच्याकडे घरोघरी चालतं. पण पाय कुणी कुणाचे घासायचे हेही ठरलेलं आहे. सून सासूचे घासते. त्या संध्याकाळी मी उंबऱ्यावर बसून बूट ओढून काढला आणि मला रडूच आलं. आत्या वाटी आणि खोबरेल घेऊन पुढ्यात येऊन बसल्या. मी पाय आखडून घेतले.

"आत्या, आवो, पाप लागंल मला."

"हात कुटं लावतीया? वाटी लावतीया की मी. पाप लागलंच तर वाटीला लागंल."

मी पाय पुढे केला. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी तेच. त्या वाटी फिरवायच्या आणि गेटवर दिवसभर काय काय झालं ते विचारायच्या. माझं सांगून झालं की त्या माझ्या वतीनं साहेबाला घरबसल्या शिव्या घालायच्या. हळूहळू तळपाय काळा पडायचा. तो काळा रंग मला दाखवून म्हणायच्या, "बग, किती आग हुती आत!" तो रंग आगीचा की काशाचा, मी कधी विचारलं नाही. पाय थंड व्हायचे, डोळे मिटायला लागायचे. इतक्या लाडानं मला माहेरीसुद्धा कुणी वागवलं नव्हतं.

मागच्या उन्हाळ्यात मी ड्युटीवर असताना आत्या मोरीत घसरून पडल्या. शेजारणीनं आवाज ऐकला म्हणून बरं. खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, वॉकर आला, आणि डॉक्टरांनी सांगितलं की यांच्याजवळ दिवसभर कुणीतरी पाहिजे. ते कुणीतरी मी होऊ शकत नव्हते. माझ्या पगाराशिवाय आमचं घर चालत नाही. माढ्याला थोरले दीर, जाऊ, भरलेलं घर. ते आत्यांना घेऊन गेले. तिथे त्यांचं सगळं व्यवस्थित करतात, काही नाव ठेवायला जागा नाही. याचाच मला जास्त राग येतो.

जाताना आत्यांनी सगळं बांधून घेतलं, अगदी तपकिरीची डबीसुद्धा. वाटी तेवढी मी पिशवीत घातली तर त्यांनी काढायला लावली. म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे ती. बुटात पाय तुजं हायत."

मी त्याचा माझ्यापुरता अर्थ लावला, की आत्या परत येणार. फळीवर वाटी आहे ना, मग येणारच. कामावर जाताना मी तिच्याकडे बघून निघायची. एकदा स्वतःच पाय घासून बघितले. आपल्या हातानं आपला तळपाय घासला की कंबर अवघडते, हात दुखतो आणि पाय होता तसाच राहतो. शिवाय साहेबाला शिव्या द्यायला कुणी नाही. मी वाटी पुसून परत फळीवर ठेवली.

मग एकदा फोनवर जाऊबाई सहज बोलून गेल्या, की आत्यांच्या पायांची लई आग होते, दिवसभर स्टीलची वाटी घेऊन घासत बसतात. स्टीलनं काय होतंय? आणि काशाची वाटी मी इथे देवासारखी मांडून बसलेली!

पुढच्या सुट्टीला मी वाटी घेऊन माढ्याच्या एसटीत बसले. पिशवी मांडीवर घट्ट धरली होती. वाटी तिकडे गेली की आत्या कायमच्या तिकडच्या झाल्या, असं मनात येत होतं आणि खिडकीबाहेरचा ऊस मला धड दिसत नव्हता.

आत्या ओसरीत बाजेवर होत्या. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघायच्या आधी पायांकडे बघितलं. "टाचा फाटल्या की गं."

मी जाऊबाईंकडून तेल मागून घेतलं आणि आधी त्यांचे पाय मांडीवर घेतले. ढेकळं तुडवलेले ते तळपाय मला दगडासारखे आठवत होते. आता ते मऊ पडले होते, चालणंच नव्हतं ना. मी वाटी फिरवत राहिले आणि नाक ओढत राहिले. तळपाय काळे झाल्यावर त्यांनी माझ्या हातातून वाटी घेतली आणि बाजेवर हात आपटला. "ठिव पाय."

जाऊबाई चहा घेऊन आल्या त्या तिथेच थबकल्या. "आवो आत्या, सुनंच्या पायाला..."

"वाटी लावतीया," आत्या म्हणाल्या.

दोन्ही पाय झाले. आत्यांनी पदरानं वाटी लख्ख पुसली आणि माझ्या पिशवीत घालून चेन लावली.

"आत्या, तुमच्यासाठी आणलीया ती. स्टीलनं घासता म्हणं."

"न्हाय. घिऊन जा." त्या थोडा वेळ चेनशी चाळा करत राहिल्या. "वाटी हितं आली की मी हितलीच झाले की गं. तितं वाटी हाय, तवर माजं घर हाय तितं."

म्हणजे इतके दिवस त्याही हेच धरून बसल्या होत्या. पायांची आग सोसत. मला हुंदका आवरला नाही.

"रडतीस कशाला? सुट्टीला येताना घिऊन ये, जाताना घिऊन जा."

तेव्हापासून तसंच चाललं आहे. दर सुट्टीला वाटी माझ्याबरोबर माढ्याला जाते आणि माझ्याबरोबर परत येते. आत्या येत नाहीत.