चोकच्या बटणावरची मेंदी

अल-ओबेदच्या डिंकबाजारात तिराबकाकांची लॉरी त्यांच्यापेक्षा जास्त प्रसिद्ध होती. नहूदहून पोती भरून निघाली की ती वाळूत रुतायची, पोत्यांवर बसलेले उतारू उतरून ढकलायचे, शिव्या द्यायचे, गाणी म्हणायचे. आणि ती पोचायची. आता डांबरी सडक झाली. माणसं लवकर पोचतात आणि एकमेकांची नावंही विचारत नाहीत. मला ते जुने दिवस फार आठवतात, कुणी काही म्हणो.

काका काटकुळे आणि तोंडानं फाटके. मी लॉऱ्या रंगवतो, म्हणून मला कायम "ए रंगाऱ्या". पण वाटेत बंद पडलेल्या परक्या गाडीला स्वतःचं पाणी देऊन पुढे जाणारा माणूस मी तो एकच पाहिला. दोन वर्षांपूर्वी त्यांची बायको कल्तूमा गेली आणि पाठोपाठ डोळे अधू झाले. शेवटी लॉरी हमदान कांदेवाल्याला विकली. त्याला डॅशबोर्ड हिरवा हवा होता, म्हणून गाडी माझ्या दारात आली. मागोमाग काठी टेकत काका.

"ए रंगाऱ्या, चोकचं बटण मला काढून दे. बाकीची राहू देत त्या कांद्याला."

"त्याच्यात काय सोनं आहे?"

"कल्तूमाची मेंदी आहे."

मूळचं बटण फुटलं तेव्हा काकांनी दोम ताडाची बी कोरून हे बनवलं होतं, पांढरंशुभ्र. पुढे लग्न झालं. नवरी घेऊन परत येताना वाटेत तिच्या आत्याकडे बायकांनी तिच्या हातांवर पुन्हा मेंदी काढली. ती वाळायच्या आत यांनी गाडी काढली, कारण घाई हा काकांचा जन्माचा रोग. गाडी वाळूत बंद पडली. काका पुढे हँडल मारतायत, पण ओढून ठेवायला हवा तो चोक आपोआप आत सरकतोय. कशाला हात लावू नको म्हणून काकांनी बजावलं होतं, तरी नवरीनं ओल्या हातानं तो ओढून धरला. इंजिन सुरू झालं, मेंदी फिसकटली.

"मी काय केलं असेन?" काका म्हणाले. "ओरडलो! घरच्या बायका हात बघतील, काय म्हणतील म्हणून. पोरगी उतरेपर्यंत बोलली नाही. नंतर तो डाग मी कधी पुसला नाही. लाल आहे ना रे अजून? मला दिसत नाही."

मी वाकून पाहिलं. "पांढरं फटक आहे, काका. तुमच्याच अंगठ्यानं खाल्लं सगळं."

माझ्या जिभेला हाड नाही. काकांनी काठी उचलली.

"मग राहू दे. जाऊ दे गाडीबरोबर," म्हणाले, आणि समोर झाडाखाली चहावालीकडे जाऊन पाठ करून बसले.

मला स्वतःचा राग आला. पण रंगवायचं तर बटणं काढावीच लागतात. भोवतीनं ब्रश फिरवणाऱ्यांना मी रंगारी म्हणत नाही. या गाड्यांची बटणं फिरवून निघत नाहीत. खालच्या बाजूला बारीक भोक असतं, आत स्प्रिंगवरची खीळ. ती दाबून बटण सरळ ओढायचं. पक्कड लावली की फुटलंच. चोकच्या भोकात इतक्या वर्षांची वाळू घट्ट बसली होती. बाभळीच्या काट्यानं ती कोरून काढली, मग पोती शिवायच्या दाभणानं खीळ दाबली. बटण हातात आलं.

मी ते उलटं केलं. मागच्या कडेच्या आत, खळग्यात, जिथे कुणाचं बोट पोचत नाही, तिथे मेंदी ओघळून मुरली होती. काल लावल्यासारखी लाल.

मी पळतच सुटलो. "काका! आहे! मागच्या बाजूला आहे!"

"थापा मारू नको."

"आईशपथ! चांगली बोटभर आहे."

चहावालीनंही वाकून पाहिलं. "आहे हो," ती म्हणाली.

काकांनी बटण हातात घेतलं. मागच्या खळग्यात करंगळी घालून बघितली, पण मेंदी पुसली जाईल म्हणून लगेच काढून घेतली. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते त्यांनी लपवलं नाही.

"बघ," म्हणाले, "हात लावू नको म्हटलं तर ऐकते कुठे!"