सगळ्या बाह्या डाव्या

मास्तर,

पत्र बघून बिचकू नका. उपदेश संपलाय, तो जिन्यावरच देऊन झालाय. तुमच्याबद्दल चार लोकांना सांगावंसं वाटतं, आणि पाठीमागे बोलण्यापेक्षा तोंडावर बोललेलं बरं.

तुम्ही कटर. शिवणारे पुष्कळ, कापणारा दुकानात एकच. चुकलेली शिलाई उसवता येते, चुकलेला काप कोण उसवणार? तुमच्या दुकानाच्या वर मी राहते. जन्मभर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं, पण कान अजून शाबूत आहेत. जाड कापडातून तुमची कात्री न थांबता सरसर जायची, तो आवाज मला पाठ होता. काही सकाळी तोच आवाज अडखळायचा. मग मी चहा गाळता गाळताच ओळखायचे, काल मित्रमंडळींत बसणं झालंय.

पिणं तुमचं रोजचं नव्हतं, हे आधीच सांगते. पण बसलात की रिकाम्या पोटी, घाईघाईने, आणि पाण्याशी सात जन्मांचं वैर असल्यासारखं. दुसऱ्या दिवशी डोक्यात घण, तोंडाला कोरड, उजेडाचा राग. वर उपायांची रांग: काळी कॉफी, तोंडावर पाण्याचे हबके, कुणीतरी सांगितलेलं कच्चं अंडं, आणि शेवटी काट्याने काटा काढायचा म्हणून सकाळीच आणखी एक घोट. याला उतारा म्हणतात, असं तुम्ही मलाच समजावत होता. मी म्हटलं, हा उतारा नाही, दुखणं पुढे ढकलणं आहे.

तुमच्या मुलीला सगळे टाचणी म्हणतात. बारीक, सरळ आणि टोचणारी. ती तुमच्याच दुकानात शिवायची, आणि दुसऱ्या गावात स्वतःचं दुकान काढायचं तिच्या मनात होतं. कटर म्हणून तुम्हालाच न्यायचं होतं, पण तुमच्या सकाळींचा भरवसा नव्हता.

त्यात बँडच्या कोटांचं काम आलं. कापड जाड, गडद लाल, आणि तेवढंच. वर वीतभरही मिळणार नव्हतं. कापायच्या आदल्या संध्याकाळी तुमच्या मित्राच्या निवृत्तीची मेजवानी झाली. सकाळी तुम्ही कापडाचे थर एकावर एक पसरलेत, सगळ्यांची सुलटी बाजू वर. अशा वेळी एका बाजूच्या बाह्या कापल्या की बाहीच्या मापाचा कागद उलटा ठेवून दुसऱ्या बाजूच्या कापायच्या, हे शिकाऊ पोरालाही ठाऊक असतं. तुम्ही कागद उलटलाच नाहीत. टाचणीने गठ्ठा सोडला आणि एकेक बाही टेबलावर मांडत गेली. सगळ्या डाव्या.

बँडमास्तरांनी शांतपणे विचारलं म्हणे, आमच्या लोकांना दोन्ही हात डावे आहेत असं तुम्हाला कुणी सांगितलं? शेवटी टाचणीनेच तोडगा काढला, उजव्या बाह्या काळ्या कापडाच्या. बँडमास्तरांनी कुरकुरत मान्य केलं. हल्ली लोक त्या बँडला बाह्यांवरूनच ओळखतात, ते सोडा. त्या संध्याकाळी मात्र ती तुम्हाला म्हणाली, "बाबा, त्या गावातलं दुकान मी घेतेय. कटर तुम्ही की दुसरा कोणी, ते तुम्ही ठरवा."

तेव्हा तुम्ही वर आलात आणि माझ्या दारातल्या पायरीवर बसलात.

"बाई, खरं सांगा. याला औषध काय?"

"औषध नाही. वेळ आहे."

शरीर दारू आपल्या गतीने निपटतं, त्याला कुणी ढकलू शकत नाही. कॉफीने डोळे उघडतील, दारू नाही उतरायची. अंगातलं पाणी गेलेलं असतं, झोप तुटकी झालेली असते, पोट चिडलेलं असतं. म्हणून पाणी प्या, हलकं काहीतरी खा, पडून राहा. डोकेदुखीच्या गोळ्या मनाने गिळू नका. काही पोट जाळतात, काही यकृताला जड जातात. त्याहून बरं म्हणजे आदल्या दिवशीच शहाणपण: आधी जेवा, सावकाश प्या, मधे मधे पाणी, किती प्यायची ते आधी ठरवा आणि तिथे थांबा. कमी प्यायलात तर कमी भोगाल, यापलीकडे मला तरी युक्ती माहीत नाही. कापायच्या आदल्या संध्याकाळी तर थेंबही नाही. आणि न पिता हात थरथरायला लागला, तर माझ्याकडे न येता सरळ डॉक्टरकडे जायचं.

तुम्ही मान हलवलीत. ऐकलं की नाही, मला शंका होती.

पण तुम्ही स्वतःचा नियम काढलात. रोज सकाळी जुन्या तुकड्यावर पट्टीशिवाय खडूची लांब रेघ ओढायची. रेघ डगमगली तर त्या दिवशी कात्री टाचणीच्या खणात आणि तुम्ही बटणांची काजं करायला. पहिले काही दिवस काजंच केलीत. मित्रांनी टोमणा मारला, मास्तर, पिणं सोडून ग्लासाचं नुसतं माप घेताय का? तुम्ही म्हणालात, हो, उद्या कापायचंय. पुढे एके दिवशी टाचणीने रेघ बघितली आणि कात्री तुमच्या हातात दिली. नव्या दुकानाच्या पाटीवर तिने तुमचं नाव तिच्याआधी घातलंय, असं कळलं. बरं केलं.

निघालात मात्र फार लवकर. गाडी ठरली, मशीन चढली, आणि तुम्ही माझ्यासाठी कापलेला कोट तसाच राहिला. त्याचं अस्तर आणायला आपण दोघांनी बाजारात जायचं होतं, कारण "बाई, तुमच्या रंगांच्या निवडीवर माझा भरवसा नाही," असं तुम्हीच म्हणाला होता. तो कोट अजून अस्तराशिवाय खुंटीला आहे, आणि मी एकटी काही बाजारात गेले नाही.