पास झालेल्या चाचण्यांचा लॉग

टीम लीडची जागा माझीच, असं मी धरूनच चालले होते. आठ वर्षं टेस्टर होते, अजून काय पाहिजे? मग वैजापूरची ती मुलगी आली आणि सहा महिन्यांत साहेब त्या जागेसाठी तिचं नाव घेऊ लागले.

आमचं सॉफ्टवेअर बाजार समितीच्या वजनकाट्यासाठी. चाचण्या साध्या वाक्यांत लिहायच्या, म्हणजे गिऱ्हाइकालाही वाचता याव्यात. मी लिहायचे, "वजन वैध नसल्यास पावती निर्माण होऊ नये." ती लिहायची, "गाडी काट्यावर उभी आहे, वजन झालेलं नाही, तर पावती निघू नये." समितीची माणसं तिचं वाक्य वाचून लगेच माना डोलवायची. तिचं बालपण मार्केट यार्डाशेजारी गेलेलं, त्यात तिचं काय कर्तृत्व? बजाजनगरला घरी जाऊन नवऱ्याला मी हे चारदा ऐकवलं. माझ्या पोटात दुखत होतं, दुसरं काही नाही.

तिच्या चाचण्या रोज पास, रोज हिरव्या. मला ते खपेना. चाचणी चालू असताना प्रोग्राम काय काय घडलं त्याच्या नोंदी लिहीत जातो, तो लॉग. आमचं टूल तो पकडून ठेवतं आणि फक्त नापास चाचणीचा दाखवतं. पास झालेलीचा कोण बघतो? झाकली मूठ सव्वा लाखाची. तिची मूठ उघडायचीच, असं मी ठरवलं.

सोमवारच्या मीटिंगमध्ये मी टूलचं ते लॉग पकडून ठेवणं बंद केलं, म्हणजे पास चाचण्यांचाही लॉग दिसेल, आणि सगळ्या चाचण्या मोठ्या पडद्यावर चालवल्या. "एकदा सगळंच बघून घेऊ या," असं म्हणाले, तेही किती गोड आवाजात!

तिचा लॉग लख्ख होता. मग माझ्या जुन्या चाचण्या सुरू झाल्या आणि पडद्यावर ओळ आली, "काटा जोडला नाही. नंतर बघू." खाली पुन्हा तीच. त्याच्याखाली पुन्हा. ते शब्द माझेच होते. काट्याचं कनेक्शन सारखं तुटायचं म्हणून कधीतरी मी ती चूक लॉगमध्ये ढकलून चाचणी पुढे जाऊ दिली होती. माझ्या चाचण्या इतकी वर्षं वजन न करताच पास होत होत्या.

साहेबांनी चहाचा कप खाली ठेवला.

जिन्यात मी तिला गाठलं. "तुला माहीत होतं?"

"व्हय ताई. पहिल्याच आठवड्यात दिसलं. तुमच्याच चाचण्या वाचून तर शिकले मी."

"मग बोलली का नाहीस?"

"सगळ्यांसमोर कसं बोलायचं? दोनदा तुमच्या टेबलापाशी आले व्हते. तुम्ही मान वर न करता म्हणाल्या, नंतर बघू."

लीड तीच झाली. मला वाईट वाटलं, अजून वाटतं. पण त्याहून जास्त पोट दुखतं ते वेगळ्याच गोष्टीनं. सहा महिने माझी चूक तिच्या हातात होती आणि तिनं ती वापरली नाही. तिची मला सापडली असती, तर मी सोमवारपर्यंतसुद्धा थांबले नसते.