चौकशीची खिडकी आमच्या स्वयंपाकघरात

आमची ताई बस स्थानकावर घोषणा करायची. नोकरीभर तेच केलं तिने. कुठली गाडी, कुठल्या फलाटावरून, किती वाजता, आणि प्रत्येक गोष्ट दोनदा. पहिल्यांदा सांगितलेलं माणसं ऐकत नाहीत, नुसती मान वर करतात, असं तिचं म्हणणं. घरीही तेच. "भाजी खारट झालीये. भाजी खारट झालीये." भाजी मी केलेली असायची आणि कान मला दोन आहेत, पण सांगणार कुणाला.

ती निवृत्त झाली, तिच्या जागी यंत्रातला आवाज आला आणि ताई घरात बसली. मी तिची धाकटी बहीण. यजमान गेल्यापासून तिच्याकडेच असते. ओटा माझा, कपाटं तिची, भांडण दोघींचं. पुढे तिच्या मुलाचे, म्हणजे माझ्या भाच्याचे, फोन सुरू झाले. तो लांब राहतो, मोठ्या हुद्द्यावर आहे, मनाचा वाईट नाही. "आई, तुझं आता तिथे काय काम आहे? सुट्टी मिळाली की न्यायलाच येतो." ताई "बघू, बघू" म्हणून फोन ठेवून द्यायची.  ती गेली तर त्या घरात उरणार मी आणि फ्रिज.

आमच्या वरच्या मजल्यावर एक मुलगी भाड्याने राहते. काहीतरी संगणकाचं काम करते आणि कानात ती गाणी ऐकायची बोंडं घालून जिना चढते-उतरते. एकदा ताई जिन्यात उभी राहून पाणी कधी जाणार ते शेजाऱ्यांना सांगत होती. वरचीने कानातली बोंडं काढली, दोन्ही वेळचं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मावशी, तुम्ही पॉडकास्ट करा."

हे काय असतं, मी विचारलं. रेडिओसारखंच, पण ज्याला हवं त्याने हवं तेव्हा ऐकायचं, असं ती म्हणाली.

"म्हणजे कुणाची गाडी चुकत नाही," ताई म्हणाली. तिला ते तिथल्या तिथे पटलं. मला सहा महिने समजावूनसुद्धा पटलं नसतं, पण मला कुणी विचारलं नव्हतं.

विषय ठरला: स्थानकावर विसरलेल्या वस्तू. ताईला त्या सगळ्या तोंडपाठ होत्या. गाद्यांच्या कपाटात डोकं घालून ती फोनवर भाग रेकॉर्ड करायची, कारण तिथे आवाज घुमत नाही असं वरचीने शोधून काढलं होतं. बाहेरून ताईचा फक्त मागचा भाग दिसायचा. पहिला भाग एका छत्रीचा. तीन जणांनी ऐकला. एक मी, एक वरची, आणि तिसरीही वरचीच, ऑफिसच्या फोनवरून.

वरचीने मग ऐकणारे वाढवायचे उपाय सांगितले. ओळखीच्या सगळ्यांना पाठवा, दुसऱ्यांकडेही पाठवायला सांगा, थोडे पैसे टाकून जाहिरात करा. ताईने शांतपणे ऐकलं. "हाका मारून गाडी भरणं हे खासगी गाडीवाल्यांचं काम," ती म्हणाली. "आम्ही घोषणा करतो. ज्याला जायचंय तो उठतो."

"आणि कुणीच उठलं नाही तर?" मी विचारलं.

"गाडी रिकामी सुटते. पण वेळेवर सुटते."

मी कपाळाला हात लावला. भाच्याची सुट्टी जवळ येत होती, आणि ही बाई रिकामी गाडी वेळेवर सोडत होती.

दर आठवड्याला एक भाग सुटत राहिला. ऐकणारे वाढले म्हणजे किती, तर एका शिवणकामाच्या कारखान्याने. तिथे मशीनच्या खडखडाटात दुसरं काहीच धड ऐकू येत नसे. ताईचं मात्र यायचं, कारण एक वाक्य मशीनने खाल्लं तरी तेच पुन्हा येतंय. तिथल्या बायकांनी आपापल्या घरी लावलं. मला बरं वाटलं. पण भाच्याला काय सांगणार? शिलाई मशीनच्या खडखडाटासाठी तुझी आई इथे राहतेय?

मग ताईने ती चूक केली. चूक म्हणजे सवयच. प्रत्येक भागाच्या शेवटी ती म्हणायची, "अधिक माहितीसाठी चौकशी खिडकीशी संपर्क साधावा." आयुष्यभर म्हणत आलेली, तोंडातून जाणारच. कुणीतरी त्या भागाखाली लिहिलं, "खिडकी कुठे आहे?" दुसरी कुणी असती तर हसून सोडून दिलं असतं. ताईने जन्मात प्रवाशाचा प्रश्न विनाउत्तर ठेवला नव्हता. पुढच्या भागात तिने पत्ता सांगितला. पाण्याच्या टाकीसमोरचं घर, रस्त्याकडची खिडकी, दहा ते पाच, जेवणासाठी एक ते दोन बंद. पत्ता अर्थातच दोनदा.

रस्त्याकडची खिडकी म्हणजे माझ्या ओट्यामागची. हे मला कधी कळलं? मी कांदा चिरत असताना समोर एक अनोळखी गृहस्थ उभे राहिले आणि "चष्म्याबद्दल विचारायचं होतं" म्हणाले, तेव्हा. डोळ्यांत पाणी होतंच, त्यांना वाटलं मला त्यांच्या चष्म्याचं वाईट वाटलं.

चष्मा स्थानकावर नव्हे, बाजारात हरवला होता. ताई म्हणाली, हरकत नाही. पुढच्या भागात तिने छत्रीबित्रीची गोष्ट झाल्यावर चष्म्याची घोषणा केली. तो एका फळवालीकडे सापडला. फळवाली स्वतः खिडकीशी आणून देऊन गेली, आणि जाताना तिची हरवलेली किल्ली सांगून गेली.

तिथून जे सुरू झालं ते कुणाच्या हातात राहिलं नाही. ज्याचं काही हरवलंय तो ऐकायचा. त्याच्या घरचे ऐकायचे, त्याला धीर म्हणून. ज्याला काही सापडलंय तो ऐकायचा, कुणी मागतंय का बघायला. वस्तू परत मिळाली तरी माणसं ऐकणं सोडेनात, कारण आता दुसऱ्याचं काय झालं ते कळल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. वरची रोज खाली येऊन आकडा सांगायची. आकडा वाढतच होता आणि ताई कुणालाही एकही हाक मारत नव्हती. माझ्या डाळीच्या डब्यांशेजारी किल्ल्या, एका पायातला बूट आणि दातांची कवळी येऊन बसली. कवळी मला रोज सकाळी हसायची.

ताईचा नियम एकच. वर्णन जुळल्याशिवाय वस्तू द्यायची नाही. कवळी न्यायला एक आजोबा आले, तोंडावर रुमाल धरून. वर्णन सांगा, ताई म्हणाली. "दातांसारखीच आहे," आजोबा रुमालातून म्हणाले. ताईने त्यांना परत पाठवलं. नातेवाइकांना विचारून, कुठला दात तुटलाय ते पाठ करून आल्यावर दिली. मी म्हटलं, त्यांच्या तोंडाकडे बघूनच कळत होतं की. "तोंड सगळ्यांचंच खरं वाटतं," ताई म्हणाली.

भाचा आला तो न सांगता, परतीची दोन तिकिटं काढून. बॅग घेऊन दाराकडे निघाला, तर आमचं दार आणि खिडकी शेजारी-शेजारी आणि समोर हीऽ रांग. "मधे घुसू नका, आम्हीही उभे आहोत," एका बाईने त्याला सुनावलं. त्याने सांगून पाहिलं की हे माझं घर आहे. ती म्हणाली, सगळ्यांना तसंच वाटतं. मोठ्या हुद्द्यावरचा माणूस रांगेत उभा राहिला.

मी त्याला आतून पाहिलं आणि घाईघाईने भाजीत मीठ घातलं. ताईने पाहिलं की नाही, तिच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. त्याचा नंबर आला. त्याने चष्मा पुसला, हसला.

"काय हरवलंय?" ताईने विचारलं.

"आई," तो म्हणाला. "न्यायला आलोय."

"वर्णन सांगा."

त्याला वाटलं गंमत आहे. तो गमतीतच सांगू लागला, पण हळूहळू खरं बोलायला लागला. "वय झालंय. दिवसभर घरात एकटी असते. हाताला काम नाही. बोलायला कुणी नाही, विचारायला कुणी नाही. मला रात्रंदिवस काळजी वाटते तिची."  रांगेत मागे उभ्या असलेल्या एका बाईने डोळे टिपले.

ताईने पूर्ण ऐकून घेतलं. फळवालीची सापडलेली किल्ली उचलून बाजूला ठेवली. मग घोषणेच्या आवाजात म्हणाली, "वर्णन जुळत नाही. वर्णन जुळत नाही." आणि त्याच्या खांद्यावरून मागे बघत, "पुढे या."

मला इतका आनंद झाला की भाजीत मी दुसऱ्यांदा मीठ घातलं.

भाचा दारातून आत आला, ओट्याजवळच्या स्टुलावर बसला. मी त्याला चहा दिला. बाहेर कुणीतरी हरवलेल्या छत्रीची मूठ कशी होती ते सांगत होतं आणि ताई बारकाईने प्रश्न विचारत होती. तो चहा फुंकत तिच्या पाठीकडे बघत राहिला.

"मावशी," तो हळूच म्हणाला, "मग काय वर्णन सांगायला हवं होतं?"

मला ते बरोबर ठाऊक होतं. पण मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिने नियमाप्रमाणे त्याची आई त्याला दिली असती.