ठिपक्यांना नावं

ताई ज्या प्रयोगशाळेत कामाला होत्या तिथे दिवसभर काहीतरी फुटत असायचं. बांधकामांवरून लोखंडी साच्यांत भरलेलं ओलं काँक्रीट यायचं. साचे एक दिवस ओल्या गोणपाटाखाली ओट्यावर ठेवायचे, मग आतला ठोकळा काढून पाण्याच्या टाकीत सोडायचा. अठ्ठाविसाव्या दिवशी तो दाबयंत्राखाली घालून फुटेपर्यंत दाबायचा आणि फुटताना यंत्राचा काटा कुठे होता ते लिहायचं. हे लिहिणं ताईंकडे. एकवीस वर्षं.

त्यांना एक खोड होती. विचारलं नसेल तेही त्या लिहून ठेवत. ठोकळा कुणी भरला, कधी आला, साचा कुठे ठेवला. साहेब म्हणायचे, "ताई, अहवाल मागितलाय, कादंबरी नाही." ताई हसायच्या आणि शेऱ्याचा रकाना भरायच्याच.

त्या वर्षी साहेबांनी सगळ्या नोंदी संगणकात घातल्या आणि आलेख काढणारा एक फुकटचा प्रोग्राम बसवला. खाली तारीख, बाजूला ताकद, प्रत्येक ठोकळ्याचा एक ठिपका. एकशे ऐंशी ठिपक्यांपैकी बहुतेक मधमाशांसारखे एका पट्ट्यात दाटले होते. पण खाली, पट्ट्यापासून तुटून, चौदा ठिपके वेगळेच पडले होते.

"हे कोण?" ताईंनी पडद्यावर बोट ठेवलं.

"कच्चे ठोकळे," साहेब म्हणाले.

"कच्चे ते दिसतंय. पण कोण?"

ते पडदा सांगत नव्हता. ठिपक्याला तोंड नसतं. ताईंच्या डोक्यात किडा शिरला तो शिरलाच. दोन दिवस खपून त्यांनी एकेका ठिपक्याशेजारी भरणाऱ्याचं नाव हाताने टाकलं. पाहतात तर चौदांपैकी अकरा ठिकाणी एकच नाव. थोरले मिस्त्री. पस्तीस वर्षं स्लॅब टाकणारा, कमी बोलणारा, काम झालं की थापी पुसून ठेवणारा माणूस.

साहेबांचा चेहरा उतरला. "वय झालं त्यांचं. पाणी जास्त घालत असणार. त्यांच्या मालकाला कळवावं लागेल, ताई."

"आठवडाभर थांबा," ताई म्हणाल्या. "बाकीचे तीन त्यांचे नाहीत ना."

दुसऱ्याच दिवशी दाबयंत्राच्या तपासणीचा कागद आला. काटा थोडा जास्त दाखवत होता, सगळे आकडे दुरुस्त करायचे होते. आकडे बदलले, ठिपके खाली सरकले आणि ताईंनी घातलेली नावं जिथल्या तिथे लोंबकळत राहिली. कुणाचं नाव कुणाला ते कळेना. दोन दिवसांची मेहनत पाण्यात.

ताईंची नणंद महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवायची. रविवारी ती घरी आली तेव्हा ताईंनी चहाच्या आधी लॅपटॉप पुढे केला.

"वन्सं, दर वेळी नावं हातानेच घालायची का हो?"

"हाताने? वहिनी, नावं फाइलमध्ये आहेतच ना?"

"आहेत. तिसऱ्या रकान्यात."

"मग त्यालाच सांगायचं, पहिल्या रकान्यातून तारीख घे, दुसऱ्यातून ताकद, आणि तिसऱ्यात जे लिहिलंय ते त्या जागी छाप. आकडे बदलले की नाव ठिपक्याबरोबर चालत जाईल."

एक ओळ टाइप झाली आणि एकशे ऐंशी नावं आपापल्या जागी जाऊन बसली. ताई बघतच राहिल्या. "म्हणजे रकाना बदलला की नाव बदलेल?"

"बदलून बघा."

ताईंनी तीनच्या जागी चार केला. चौथा रकाना शेऱ्याचा. पडदाभर एकच शब्द उमटला, ओट्यावर, ओट्यावर, ओट्यावर. नणंद खो खो हसली.

"सगळे ओट्यावरच होते की काय?"

"होतेच. पण मी पुढेही लिहिलंय हो, 'ओट्यावर भिंतीकडे', 'ओट्यावर खिडकीजवळ'. त्याने निम्मंच वाचलं!"

"मध्ये जागा सोडलीत ना. जागा दिसली की त्याला वाटतं रकाना संपला. शेऱ्याला अवतरणचिन्हं घाला."

चिन्हं घातली, पण आता पडद्यावर नुसती गर्दी. शब्दावर शब्द चढलेले, एक अक्षर लागेना. तेव्हा नणंदेने आणखी एक अट घातली, ताकद अमुक रेषेच्या खाली असेल तरच शेरा छाप. बाकीचे नुसते ठिपके राहिले आणि खाली चौदा शेरे स्वच्छ उमटले.

ओट्यावर खिडकीजवळ. चौदाही ठिकाणी.

ताईंनी खुर्ची पुढे ओढली. "मिस्त्री नव्हेत. खिडकी!"

"घाई नको," नणंद म्हणाली. "वरच्या पट्ट्यात खिडकीजवळचा एकही नाही का?"

हा प्रश्न ताईंना भारी आवडला. शोधल्यावर तसे नऊ सापडले, ठणठणीत. किडा पुन्हा वळवळला. एकच खिडकी, मग हे नऊ कसे वाचले? ताईंनी शेऱ्याऐवजी वार छापायला सांगितला. वरचे नऊ मंगळवार, बुधवार, गुरुवारचे. खालचे चौदा एकजात शनिवारचे.

आता ताईंना पडदा लागला नाही. डोळे मिटले तरी ओटा दिसत होता. शनिवारी आलेला साचा सोमवारपर्यंत तसाच पडून राहायचा, कारण रविवारी सुट्टी. आतल्या बाजूचं गोणपाट सावलीत ओलं राहायचं. खिडकीजवळच्यावर दोन्ही दुपारी ऊन यायचं. सोमवारी ते पापडासारखं कडक झालेलं त्यांनी स्वतः कितीदा उचललं होतं! आणि थोरल्या मिस्त्रींचा स्लॅब बहुतेक शनिवारीच पडायचा. त्यांचे साचे सगळ्यांत शेवटी यायचे आणि उरलेली जागा खिडकीचीच असायची.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. "पटतंय. पण पटणं वेगळं आणि सिद्ध होणं वेगळं."

"मग करून बघू," ताई म्हणाल्या.

शनिवारी थोरल्या मिस्त्रींना बोलावून एकाच घमेल्यातलं काँक्रीट सहा साच्यांत भरून घेतलं. तीन भिंतीकडे, तीन खिडकीजवळ. मिस्त्रींनी कारण विचारलं तेव्हा ताईंनी आडपडदा न ठेवता सांगून टाकलं. ते साच्याकडे बघत म्हणाले,

"माझ्यावर आलं होतं म्हणायचं."

"आलं होतं," ताई म्हणाल्या. "मीच आणलं होतं. पहिली नावं मीच घातली."

मिस्त्री साच्याची कड थापीने सारखी करून निघून गेले. ते अठ्ठावीस दिवस ताईंना फार लांब गेले. एरवी जेवताना बडबडणाऱ्या ताई गप्प झाल्या म्हणून घरचेही चक्रावले.

अठ्ठाविसाव्या दिवशी मिस्त्री न बोलावता आले आणि दाराशी उभे राहिले. भिंतीकडचे तीन ठोकळे काटा बराच वर चढल्यावर फुटले. खिडकीजवळचे तिन्ही त्याच्या खूप आधी गेले. साहेबांनी आकडे दोनदा वाचले. मग मिस्त्रींच्या जुन्या कामांवर माणूस पाठवून प्रत्यक्ष स्लॅबचीच तपासणी करून घेतली. स्लॅब खणखणीत निघाले. मालकाला जायचं पत्र गेलं नाही. खिडकीला जाड पडदा लागला आणि रविवारी पहारेकऱ्याने गोणपाट भिजवायचं ठरलं.

"तुमच्या त्या फाइलीत माझ्या नावापुढे आता काय लिहिणार?" मिस्त्रींनी विचारलं.

"जे आहे तेच. वार, जागा, ताकद."

"बरं," ते म्हणाले आणि पहिल्यांदाच हसले. "तो ठिपक्यांचा पडदा मलाही दाखवा की."

ताईंनी खुर्ची सरकवून दिली. मिस्त्री चष्मा लावून एकेक ठिपका निरखू लागले. खालचे बघून झाल्यावर त्यांनी अगदी वर, पट्ट्याच्याही पलीकडे एकटाच बसलेला ठिपका दाखवला.

"हा कोण? एवढं पक्कं कुणी भरलं?"

ताईंनी त्याच्याकडे कधी लक्षच दिलं नव्हतं. त्या वाकल्या आणि कीबोर्ड जवळ ओढला. "थांबा, विचारते त्याला."